दुर्वाची वीत

घवाळीबाईंनी दुर्वा गोताडचं एकच वाक्य एकशे त्रेचाळीस वेळा पुसलं, आणि प्रत्येक वेळी अगदी मायेने पुसलं. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढे बाईंबद्दल काय मत करून घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. बाई वाईट नव्हत्या. बावीस वर्षं शिकवण्यात गेलेली; पोरांच्या लिखाणात वेडंवाकडं काही दिसलं की हात आपोआप तिकडे जायचा. ही खोड नसलेला मास्तर मी तरी अजून पाहिलेला नाही.

घोडेसडा हे गाव कोकणातलंच, पण नारळी-पोफळीच्या चित्रातलं नव्हे. सडा म्हणजे समुद्रापासून वर, उंचावर पसरलेलं जांभ्या दगडाचं सपाट पठार. श्रावणात पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं, आणि मार्च उजाडला की तव्यासारखा तापतो. विहिरी तळ गाठतात, बायका कळश्या रांगेत मांडून टँकरची वाट बघत बसतात. गावात पहिली ते चौथीची दोन खोल्यांची शाळा होती. मुलं नऊ, आणि हेमांगी घवाळी या एकट्या बाई.

साल दोन हजार अडतीस. तोवर प्रत्येक वर्गाला स्वतःचा ब्लॉग असणं ही फळा-खडूइतकीच साधी गोष्ट झाली होती. अडचण एवढीच की ब्लॉग लिहिला तर वाचणार कोण? घोडेसड्याच्या दुसरीतल्या पोरीने काय लिहिलं, याची दुनियेला काय पडली आहे? आईबाप शेतावर नाहीतर मुंबईला. दोन महिने कोणी वाचत नाही म्हटल्यावर मुलं लिहायची थांबतात. या दुखण्यावर उपाय म्हणून एका विद्यापीठातल्या मंडळींनी एक यंत्र-वाचक तयार केला होता. तो राज्यातल्या चाळीस हजार वर्गांच्या ब्लॉगवरची नोंद न् नोंद वाचायचा, मूल ज्या बोलीत लिहील त्या बोलीत. शाब्बास म्हणायचा नाही, चूक काढायचा नाही. प्रत्येक नोंदीखाली फक्त एक प्रश्न विचारायचा. ‘मुंगळा परत त्याच वाटेने गेला का?’ ‘पान उलटं केल्यावर काय होतं?’ आपलं लिहिलेलं कोणीतरी खरंच वाचतंय म्हटल्यावर पोरांना हुरूप यायचा. घोडेसड्याची पोरं त्याला वाचकमामा म्हणायची.

या मामाचं एक वैशिष्ट्य होतं. त्याला वाचलेलं सगळं आठवायचं, आणि तो ते शेजारी-शेजारी ठेवून बघायचा. एका मुलाने लिहिलं की आज नवीनच गोगलगाय दिसली, तर त्याला काही अर्थ नाही. पण साठ शाळांतल्या मुलांनी, साठ गावांत, एकामागून एक तेच लिहिलं तर ती गोगलगाय कुठून कुठे निघाली आहे ते समजतं, आणि शेतीखात्याच्या आठ महिने आधी समजतं. मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून पाच फुटांवर असतात आणि मनात सतरा कामं. मूल खाली बसतं आणि बघत राहतं. असे दहा लाख बघणारे डोळे या यंत्राला मिळाले होते.

घवाळीबाईंनी आपल्या वर्गाच्या ब्लॉगला नाव दिलं होतं ‘माझी वीत’. प्रत्येक मुलाने शाळेच्या आसपासची एक वीतभर जमीन निवडायची, ती वर्षभर त्याची, आणि तिथे काय दिसतं ते रोज टॅबवर लिहायचं. कल्पना बाईंची स्वतःची, आणि ती फार चांगली होती. कोणी नळाखालची वीत घेतली, कोणी बकरीच्या खुंट्याजवळची. दुर्वाने शाळेच्या मागच्या पायरीजवळचा उघडा कातळ घेतला. त्यात दोन बोटं जातील एवढं भोक होतं. सगळे हसले, की बाई, हिच्या वितीत काहीच नाही.

आता बाईंच्या खोडीकडे येऊ. मुलांनी लिहिलेली कच्ची नोंद आधी बाईंच्या टॅबवर यायची, तिच्यावर लिहिल्याची वेळ आपोआप उमटलेली असायची. बाई ती नीटनेटकी करून मग ब्लॉगवर टाकायच्या. मूळ नोंद टॅबमधल्या एका बंद कप्प्यात राहायची; त्याला सगळे कपाट म्हणायचे. हे करू नये असा नियम होता. दर महिन्याला ‘नोंदी मुलांच्या स्वतःच्याच आहेत’ अशी सही बाईंनी करायची होती आणि त्या ती करत होत्या. कारण दुसराही एक नियम होता. दहापेक्षा कमी मुलांची शाळा सहा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत मिसळायची; सूट फक्त ज्या शाळेच्या ब्लॉगला जिल्ह्याचा ‘अव्वल’ शेरा असेल तिला. शेरा देणाऱ्या समितीला सुबक नोंदी आवडायच्या. नऊ मुलांची घोडेसड्याची शाळा त्या एका शब्दावर उभी होती.

दुर्वाची पहिली नोंद जुलैत आली. ‘भोक श्वास घेतं. परिपाठाला पीस आत ओढलं. मग थांबलं. मग फुंकून बाहेर टाकलं.’ बाईंना हसू आलं, कौतुकही वाटलं, आणि समिती काय म्हणेल याची धास्तीही. त्यांनी लिहिलं, ‘माझ्या वितीत एक लहान छिद्र आहे. तेथे वारा वाहतो. निसर्ग आपला मित्र आहे.’

दुर्वा चिवट निघाली. आधी कोंबडीचं पीस, मग रुईच्या बोंडातून उडणारी म्हातारी घेऊन ती रोज भोकाशी बसायची. ‘बाई, पाणी पिऊन येते’ असं दिवसातून पाच-सहा वेळा सांगून टॅबसकट पळायची. बाईंना वाटलं पोरीला काही दुखणं-बिखणं आहे की काय, आईला निरोप धाडून झाला. रोज तीच नोंद यायची, आत ओढली, थांबली, बाहेर टाकली. रोज बाई ‘वारा वाहतो’ लिहायच्या.

फेब्रुवारीत एक दिवस दुर्वाची नोंद आली ती अशी: ‘माझ्या वितीत एक लहान छिद्र आहे. तेथे वारा वाहतो. निसर्ग आपला मित्र आहे.’ बाईंना बरं वाटलं, एक काम कमी झालं. दुसऱ्या दिवशी तेच. आठ दिवस तेच. वाचकमामाने विचारलं, ‘दुर्वा, आज खरंच काय दिसलं?’ त्याला उत्तर आलं ते आधी बाईंच्या टॅबवर आलं.

‘मला दिसतं ते बाई पुसतात.’

बाई खुर्चीवर बसल्या होत्या, बसूनच राहिल्या. समोर नऊ मुलं पाढे म्हणत होती, दुर्वाही म्हणत होती, बाईंकडे न बघता. ते वाक्य पुसायला एक बोट पुरलं असतं. त्यांनी टॅब पालथा घातला.

मधल्या सुट्टीत त्यांनी दुर्वाला जवळ घेतलं आणि विचारलं, भोकाचं काय चाललंय सध्या. पोर पाठ केल्यासारखं म्हणाली की तिथे वारा वाहतो. ती खोटं बोलत नव्हती. बोलायचं काय ते शिकली होती. आणि शिकवलं कोणी, हे बाईंना विचारायची गरज नव्हती. त्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलांना चित्रं काढायला देऊन बाई एकट्याच मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. हातात रुईची म्हातारी. वारा अजिबात नव्हता, सड्यावरचं गवत हलत नव्हतं. त्यांनी म्हातारी भोकाच्या वर धरली. चिमटीतून कोणीतरी अलगद काढून घ्यावी तशी ती सुटली आणि आत गेली. बाईंनी दुसरी धरली, तीही गेली. मग त्या बसूनच राहिल्या. बारा वाजायला दहा मिनिटं असताना भोकावरची म्हातारी जागच्या जागी थांबली, ना आत ना बाहेर. आणि मग कातळाने हळूच श्वास सोडला. गार, ओलसर हवा बाईंच्या तळहाताला लागली. थोड्या वेळाने सकाळी गिळलेली एक म्हातारी भिजून, चिकटून वर आली.

बावीस वर्षं ज्या दगडावर त्या चप्पल घासून वर्गात शिरत होत्या, तो दगड जिवंत असल्यासारखा श्वास घेत होता. आठ वर्षांची पोर सात महिने तेच सांगत होती. मागे वळून बघतात तर दुर्वा दारात उभी.

“मी पाहिलं गं,” बाई म्हणाल्या. “तू लिहायचीस ते खरं होतं.”

“मग पुसलंत का?”

समिती, शेरा, पट, हे सगळं त्या पोरीला कसं सांगणार? आणि सांगितलं असतं तरी ते उत्तर झालं असतं का?

केंद्रप्रमुख वाघधरे सर त्या आठवड्यात शाळा बघायला आले तेव्हा बाईंनी सगळं सांगून टाकलं. भोकही दाखवलं. सरांनी खाली वाकून भोकावर हात धरला, चकित झाले, आणि मग कपाळावरचा घाम पुसत म्हणाले की हे कोणाला कळवायचं असेल तर खुशाल पत्र लिहा, पण कच्च्या नोंदींचं कपाट उघडू नका. बाईंनीही तोच विचार करून पाहिला होता. पण पत्राला कोण विचारणार? आमच्या दगडाला श्वास आहे म्हणे. खरा पुरावा होता तो त्या एकशे त्रेचाळीस नोंदींत, टॅबने स्वतः उमटवलेल्या वेळांत. ब्लॉगवर गेलेल्या नोंदींवर तर सगळीकडे बाईंच्याच वेळा होत्या, दुपारी साडेचार. आणि कपाट एकदा उघडलं की सगळ्यांसमोर उघडणार, प्रत्येक खाडाखोडीसकट.

“बाई, पहिलीतली तीन पोरं आहेत तुमच्याकडे,” सर म्हणाले. “ती चिरेखाणीच्या रस्त्याने सहा किलोमीटर चालणार आहेत का? विचार करा.” सरही काही खलनायक नव्हते. ही शाळा वाचावी म्हणून दोनदा जिल्ह्याला खेटे घालून आले होते.

बाईंनी तीन दिवस विचार केला. जेवण जाईना. शाळा राहिली तर ती कशासाठी राहायची, या एका प्रश्नापाशी त्या सारख्या येऊन अडत होत्या. जिथे मुलांना दिसलेलं पुसायला शिकवतात अशी शाळा सहा किलोमीटरवर असली काय आणि दारात असली काय. चौथ्या दिवशी परिपाठ झाल्यावर त्यांनी मुलांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं की मी तुमचं लिहिलेलं बदलत होते, ते चुकलं माझं. मग सगळ्यांच्या देखत कपाट उघडलं. नऊ मुलांच्या अकराशे नोंदी जशाच्या तशा ब्लॉगवर गेल्या.

वाचकमामाचं उत्तर एरवी दोन मिनिटांत यायचं. त्या दिवशी तास गेला. मग बाईंच्या नावाने एक लांबलचक पत्र आलं. बाईंनी ते मुलांना वाचून दाखवलं, सोपं करत करत.

आपल्या डोक्यावरच्या हवेला वजन असतं, असं त्यात होतं, आणि ते वजन दिवसभर सारखं राहत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला हवा जमिनीला सर्वांत जास्त दाबते, मग चार वाजेपर्यंत तो दाब कमी होत जातो. जमिनीखाली पोकळी असेल आणि तिला तोंड असेल, तर दाब वाढताना हवा आत शिरते आणि उतरताना बाहेर येते. हाच दुर्वाचा श्वास. पोकळी छोटी असेल तर श्वास दहालाच उलटतो. पोकळी जेवढी मोठी, तेवढा उशीर. दुर्वाच्या नोंदीत ऑगस्टमध्ये पीस सव्वादहाला थांबत होतं. दिवाळीत पावणेअकराला. फेब्रुवारीत बारा वाजता. म्हणजे आतली रिकामी जागा दर महिन्याला वाढते आहे. दगड तर झिजत नाही इतक्या लवकर. मग काय कमी होतं आहे?

“पाणी,” चौथीतला आदेश म्हणाला.

पाणीच. भरलेल्या कळशीत हवेला जागा थोडी, रिकाम्या कळशीत भरपूर. पावसाळ्यात घोडेसड्याच्या पोटात इतकं पाणी भरत होतं की तालुक्याचं धरण त्याच्यापुढे निम्मं. आणि ते उन्हाळ्यापर्यंत कुठून तरी गुपचूप निघून जात होतं. पहिलीतल्या शौर्यने दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. त्याच वेळी बाहेर टँकरचा हॉर्न वाजला, आणि बाईंना हसावं की रडावं ते कळेना.

पत्राच्या शेवटी नेहमीसारखा एक प्रश्न होता, पण या वेळी बाईंना. ‘निसर्ग आपला मित्र आहे, हे वाक्य तुम्ही कधी लिहिता?’

बाईंनी खरं ते लिहिलं. ‘मुलांनी लिहिलेलं मला कळत नाही, तेव्हा.’

या एका उत्तराने पुढचं सगळं घडलं. वाचकमामाने किनाऱ्यालगतच्या सगळ्या सड्यांवरच्या शाळा धुंडाळल्या आणि ते वाक्य, किंवा त्याच्या नात्यातलं वाक्य, कुठे कुठे आहे ते काढलं. निसर्ग आपला मित्र आहे. निसर्गाची किमया न्यारी. झाडे लावा, झाडे जगवा. त्या त्या बाईंना आणि गुरुजींना त्याने तोच प्रश्न विचारला आणि घोडेसड्याचं उघडं कपाट दाखवलं. काहींनी उत्तर दिलं नाही. घोडेसडा धरून एकतीस शाळांची कपाटं उघडली. त्यांत कोणा पोराने लिहिलं होतं, आमच्या विहिरीतली कपार सुस्कारे टाकते. कोणी लिहिलं होतं, दगडाने माझी टोपी वर उडवली. एका पोरीने लिहिलं होतं, भूमी झोपली आहे, हळू चाला. एकतीस गावांतल्या मुलांना एकच गोष्ट दिसली होती, आणि एकतीस मास्तरांनी ती पुसून तिथे मित्र लिहून ठेवला होता.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी एकतीस शाळांनी एकाच वेळी म्हातारी धरायचं ठरवलं. थांबली की फक्त ‘थांबली’ लिहायचं. बाईंनी भिंतीवरचा मोठा पडदा मागच्या दारात आणून ठेवला. दुर्वा भोकाशी. तिने कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा म्हातारी हातात घेतली होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

दहा वाजून वीस मिनिटांनी दूर उत्तरेकडच्या एका शाळेतून पहिली ‘थांबली’ आली. मग साडेदहापर्यंत आठ-दहा, मागेपुढे. अकरापर्यंत उरलेल्यांतल्या बहुतेक. मग बराच वेळ काही नाही. मुलांची चुळबुळ सुरू झाली, कोणाला डब्याची आठवण झाली. बारा वाजून चार मिनिटांनी दुर्वाने मान वर केली आणि म्हणाली, “थांबली.” आदेशने ते लिहिलं. त्याचं बोट उचलायच्या आत पडद्यावर आणखी एक ‘थांबली’ उमटली. मग तिसरी, मग चौथी, मग पाचवी. पाच गावं, सगळ्यांत लांबचं सत्तावीस किलोमीटरवर, आणि पाचही ठिकाणी एकाच मिनिटाला श्वास उलटला होता.

पाच वेगवेगळ्या पोकळ्या असत्या तर वेळाही वेगवेगळ्या आल्या असत्या. एकच अजस्र पोकळी होती, पाच गावांच्या, त्यांच्या शेतांच्या, देवळांच्या, शाळांच्या खाली पसरलेली, आणि कोणाही माणसाला तिचा पत्ता नव्हता. तिची पाच नाकं मात्र पाच मुलांनी शोधून काढली होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलंही नाही.

शेऱ्याचं व्हायचं ते झालंच. आठवड्याभरात घोडेसड्याचा ‘अव्वल’ काढून घेतल्याचा कागद आला आणि जूनपासून शाळा मिसळण्याचा आदेश त्याला जोडलेला होता. बाईंनी तो दुमडून पर्समध्ये ठेवला आणि पहिलीच्या तीन मुलांसाठी रिक्षा मिळते का याची चौकशी सुरू केली. पण एकतीस कपाटांची गोष्ट एव्हाना घाट ओलांडून गेली होती. कोणी साताऱ्याकडच्या गुरुजींनी आपलं कपाट उघडलं, मग नांदेडकडच्या बाईंनी, मग रोज शंभर-दोनशे. एप्रिलच्या मध्यापर्यंत जिल्ह्यात ‘अव्वल’ म्हणावी अशी एकही शाळा उरली नाही. मग मिसळायचं कोणाला आणि कशात? मोठ्या शाळेत तर बसायला फरशीसुद्धा पुरली नसती. नियम गुंडाळून ठेवल्याचं सांगायला वाघधरे सर स्वतः आले. जाताना चपला घालता घालता हळूच म्हणाले की मीही चौदा वर्षं वर्गावर होतो बाई, माझ्या कपाटात काय निघेल या विचाराने हल्ली नीट जेवण जात नाही.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. शाळा सकाळची झाली होती, मुलं घरी गेली होती. दुर्वा मात्र भोकाशी थांबायची, कारण म्हातारी आता साडेबाराच्या पुढे थांबत होती. बाई आत बसून निकालपत्रकं भरत होत्या. टॅब वाजला.

‘आज म्हातारी दोनदा थांबली. आणि भोकातून समुद्राचा वास आला.’

समुद्र नऊ किलोमीटर लांब आणि सड्यापासून पाचशे फूट खाली. बाईंचं बोट उचललं गेलं. डोक्यात वाक्य तयारसुद्धा झालं होतं. कोणीतरी जवळपास सुकट वाळत घातली असेल, आणि म्हातारी एकदा हात हलल्यामुळे थांबली असेल. बावीस वर्षांची खोड दोन महिन्यांत जाते थोडीच. त्यांनी ते बोट दुसऱ्या हातात घट्ट धरलं, आणि मग नोंद होती तशी ब्लॉगवर सोडून दिली.

तीन मिनिटं गेली. सत्तावीस किलोमीटरवरच्या शाळेतून कोणा मुलाने लिहिलं, ‘इकडेपण दोनदा.’ मग तिसऱ्या गावातून, ‘खारट वास. मला वाटलं मला एकटीलाच येतोय.’

आणि त्यांच्याखाली वाचकमामाचा प्रश्न उमटला. ‘दुर्वा, आज भरती किती वाजता होती?’

दुर्वा टॅब घेऊन धावत आत आली. तिच्या केसांत रुईची म्हातारी अडकली होती.

“बाई, दगडाखाली समुद्र पण श्वास घेतोय का?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. असं वाक्य वर्गात त्या जन्मात पहिल्यांदा म्हणत होत्या, आणि म्हणताना त्यांना फार हलकं वाटलं. “तू पाहिलंस ना? चल, मलाही दाखव.”

निकालपत्रकं टेबलावर तशीच उघडी ठेवून त्या दुर्वाच्या मागे उन्हात निघाल्या.